जुन्या ऑटोमॅटिक गाडीत पुण्याच्या उन्हाळ्यात कोणतं एटीएफ घालावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाडी २००६ ची टोयोटा कोरोला, ४ गिअरची ऑटोमॅटिक, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. गिअरबॉक्सचं ऑइल (एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) आधी कधी बदललं याची नोंद नाही. एप्रिल-मे महिन्यात खंबाटकी घाट चढून वर आल्यावर ६०-७० च्या वेगाला गाडी थरथरते. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला की ‘डी’ला टाकल्यावर गिअर उशिरा लागतो आणि झटका बसतो. तुम्ही चार ठिकाणी विचारलंत. एकाने डेक्सरॉन ३ सांगितलं, दुसऱ्याने टोयोटाचं नवीन डब्ल्यूएस, तिसऱ्याने सगळ्या गाड्यांना चालणारं मल्टी-व्हेइकल आणि चौथा म्हणाला, ऊन फार आहे, थोडं जाड ऑइल मिसळून टाकू.

उत्तर असं : तुमच्या गाडीला टोयोटा टाइप टी-फोर, किंवा डब्यावर जेडब्ल्यूएस ३३०९ (त्याच प्रकारच्या ऑइलचं स्पेसिफिकेशन) असं स्पष्ट लिहिलेलं नावाजलेल्या कंपनीचं एटीएफ. डब्ल्यूएस नको, डेक्सरॉन नको आणि जाड तर काहीच मिसळू नका. उन्हाळा असो की डिसेंबर, ऑइल तेच. उन्हाळ्यासाठी जे करायचं आहे ते ऑइलच्या डब्यात नाही. ते रेडिएटर, कूलर, ऑइलची लेव्हल आणि बदलण्याचं अंतर या चार ठिकाणी आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. चुकीच्या ऑइलने आणि साध्या दुर्लक्षाने गेलेले गिअरबॉक्स बघताना आजही वाईट वाटतं, कारण त्यातले बरेचसे वाचू शकले असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिन ऑइलच्या सवयीने आपण एटीएफकडे बघतो, तिथूनच गोंधळ सुरू होतो. इंजिनमध्ये ऑइलने दोन धातूंना एकमेकांपासून लांब ठेवायचं असतं. ऑटोमॅटिकमध्ये तेच ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलने जोडणारा भाग) इंजिनची ताकद पुढे पोचवतं, प्रेशर तयार करून क्लच दाबतं, उष्णता वाहून नेतं आणि शिवाय गिअरना वंगण देतं. पण त्याचं सर्वांत नाजूक काम वेगळंच आहे. गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. त्यांच्यावर कागदी अस्तर असतं. त्या प्लेट सुटलेल्या अवस्थेतून घट्ट धरलेल्या अवस्थेत कशा जातात, हळुवार की एकदम, हे अस्तराइतकंच ऑइलमधल्या रसायनावर अवलंबून असतं. जाडी अगदी सारखी असलेली दोन ऑइलं एकाच गिअरबॉक्समध्ये वेगवेगळी वागतात, ती यामुळे.

हा फरक जुना आहे. १९६० च्या दशकात फोर्डचं टाइप एफ आणि जनरल मोटर्सचं डेक्सरॉन शेजारी शेजारी विकलं जायचं. टाइप एफमध्ये घर्षण सौम्य करणारी रसायनं नव्हती, प्लेट चटकन आणि कडक धरायच्या. डेक्सरॉनमध्ये ती होती, त्यामुळे गिअर मऊ पडायचे. पहिल्या डेक्सरॉनमध्ये या कामासाठी व्हेल माशाचं तेल वापरलं जायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि कंपन्यांना नवी रसायनं शोधावी लागली. डेक्सरॉन २ त्यातूनच आलं. त्यानंतर जपानी, कोरियन, जर्मन प्रत्येकाने आपापल्या क्लचच्या अस्तराला जुळेल असं आपलं स्पेसिफिकेशन केलं. म्हणून आज दुकानात इतकी नावं दिसतात. त्यात धंद्याचाही भाग आहे, पण तेवढंच नाही.

आता तुमच्या थरथरीकडे येऊ. टॉर्क कन्व्हर्टरच्या आत एक लॉक-अप क्लच असतो. वेग स्थिर झाला की तो लागतो आणि इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडले जातात. ऑइलमधली घर्षणाची रसायनं संपत आली, किंवा ऑइल मुळातच चुकीचं असलं, तर हा क्लच धरतो-सुटतो-धरतो असं सेकंदात अनेकदा करतो. हलका ॲक्सिलरेटर, ६०-७० चा वेग आणि गरम गिअरबॉक्स ही त्याची ठरलेली वेळ. घरच्या घरी खात्री करता येते. रस्ता मोकळा आणि मागे कोणी नसताना, थरथर चालू असेल तेव्हा डाव्या पायाने ब्रेक पेडल अगदी हलकं, फक्त ब्रेक लाइट लागण्यापुरतं दाबा. ब्रेकचा स्विच लागला की लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर ती लॉक-अपची. तशीच राहिली तर प्लग, कॉइल, इंजिन माउंटिंग बघा. त्यात ऑइलचा दोष नाही.

लॉक-अपची थरथर वेळेत पकडली तर पुष्कळदा नुसतं योग्य ऑइल बदलून जाते. तुमच्या गाडीचं मला त्यामुळे आशादायक वाटतं.

‘डी’ला टाकल्यावर उशीर होणं मात्र जरा वेगळं दुखणं आहे. पंपाने तयार केलेलं प्रेशर क्लचच्या पिस्टनपर्यंत पोचायला वेळ लागतोय. कारण लेव्हल कमी असेल, चेंबरमधला (गिअरबॉक्सच्या तळाची ऑइलची टाकी) स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, गाळाने भरला असेल, किंवा आतली रबरी सीलं कडक होऊन प्रेशर गळत असेल. गार गाडीत त्रास नाही आणि गरम झाल्यावरच होतो, म्हणजे पातळ झालेलं ऑइल कुठल्या तरी फटीतून निसटतंय. चौथ्या मेकॅनिकने जाड ऑइल सुचवलं ते इथूनच. आणि जाड ऑइलने काही आठवडे बरं वाटतं, हे खरं आहे. फटीतून गळणं थोडं कमी होतं ना! पण त्याच वेळी बाकी सगळं बिघडतं. व्हॉल्व्ह बॉडीतली (ऑइलचं प्रेशर योग्य क्लचकडे वळवणारा भाग) बारीक छिद्रं आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह) ठरावीक जाडीच्या ऑइलसाठी बेतलेले असतात, त्यामुळे गिअर पडण्याच्या वेळा चुकतात. जाड ऑइल घुसळताना जास्त ताकद लागते आणि ती ताकद उष्णता होऊन त्याच ऑइलमध्ये उतरते. म्हणजे उष्णतेवर उपाय म्हणून घातलेलं ऑइल उष्णता वाढवतं. शिवाय मिसळलेलं ऑइल इंजिनचं २०डब्ल्यू-५० किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल असेल तर त्यातली रसायनं क्लचच्या अस्तरासाठी नसतातच.

थोडे आकडे बघा. टी-फोर किंवा डेक्सरॉन ३ च्या वर्गातलं नवं एटीएफ १०० अंश सेल्सिअसला साधारण ७ ते साडेसात सेंटिस्टोक (ऑइलची जाडी मोजण्याचं एकक) जाडीचं असतं. १३० अंशांवर तेच साडेचारच्या आसपास येतं. डब्ल्यूएस मुळातच पातळ, १०० अंशांना साधारण साडेपाच. ते वाईट ऑइल नाही. नव्या गिअरबॉक्ससाठी, पेट्रोल वाचावं म्हणून मुद्दाम तसं बनवलं आहे. पण तुमचा गिअरबॉक्स त्या हिशेबाने बनलेला नाही, आणि ही दोन्ही एकमेकांच्या जागी वापरू नका असं टोयोटाचंच सांगणं आहे. काउंटरवर ‘नवीन आलंय, जास्त चांगलं’ म्हणून डब्ल्यूएस हातात देतात. जुन्या टी-फोरच्या गिअरबॉक्सला, त्यातही गरम झाल्यावर प्रेशर गळणाऱ्या गिअरबॉक्सला, ते घालणं म्हणजे आहे त्या त्रासात भर.

म्हणजे एका बाजूला जास्त जाड आणि दुसऱ्या बाजूला जास्त पातळ, दोन्ही टाळायचं. मग उन्हाचं काय?

पुण्यात मे महिन्यात दुपारी ४० अंश. जानेवारीतल्या ३० अंशांच्या दुपारपेक्षा १० ने जास्त. गिअरबॉक्समधलं ऑइल चालू गाडीत ८० ते ९५ अंशांवर असतं, तिथे हा १० अंशांचा फरक पडतो, नाही असं नाही. पण चार माणसं, सामान, एसी चालू आणि खंबाटकीच्या वळणांवर ट्रकमागे २० च्या वेगाने चढण, यात ऑइलचं तापमान त्याच्या कितीतरी पट चढतं. कारण सोपं आहे. कमी वेगात लॉक-अप लागत नाही, सगळी ताकद कन्व्हर्टरमधल्या ऑइलच्या घसरणीतून जाते आणि ती घसरण म्हणजेच उष्णता. त्यात रेडिएटरला पुढून वारा नाही. हिंजवडीच्या रस्त्यावर तासभर अडकणंही तसंच. तिथे चढण नाही, पण वाराही नाही. ऊन हे त्यावरचं ओझं आहे, मूळ कारण भार आणि थंडावा यांचा हिशेब चुकणं हे.

धंद्यात एक ठोकताळा आहे : नेहमीच्या तापमानाच्या वर दर १० अंशांना ऑइलचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ११५ अंशांच्या पुढे आत वार्निशचा थर धरायला लागतो आणि व्हॉल्व्ह अडकतात, १२५-१३० ला रबरी सीलं कडक व्हायला लागतात, १४५ च्या आसपास क्लच घसरतात. हे आकडे ऑइलप्रमाणे पुढेमागे होतील, पण क्रम हाच. तुमची उशिरा लागणारी ‘डी’ बहुधा आधीच्या मालकाच्या काळात कडक झालेल्या सीलांची खूण आहे.

म्हणून पहिलं काम रेडिएटर. बहुतेक जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल दोन नळ्यांनी रेडिएटरच्या टाकीत असलेल्या छोट्या कूलरमधून फिरून परत येतं. तो कूलर दिसत नाही, म्हणून कोणाला आठवत नाही. आपल्याकडे कूलंट कमी झालं की बोअरचं किंवा टँकरचं पाणी ओतायची सवय आहे. त्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरमध्ये बसतो. इंजिनचा काटा अजून मध्यावरच असतो, कारण इंजिनकडे फॅन आणि थर्मोस्टॅटची सोय आहे, पण गिअरबॉक्सच्या कूलरवर बसलेल्या क्षारामुळे ऑइल गार होत नाही. ‘गिअरबॉक्स बनवायला झाला’ म्हणून आलेली एक गाडी आम्ही न खोलता परत पाठवली होती. रेडिएटर नवा बसवला, ऑइल दोनदा बदललं, ती गाडी अजून चालते. तुमच्या गाडीचा रेडिएटर पहिलाच असेल तर मी तो साफ करण्यापेक्षा बदलायला सांगेन. कूलंट कंपनीचं आणि पाणी मिसळायचं असेल तर डिस्टिल्डच.

बदलायला सांगण्याचं दुसरंही कारण आहे आणि ते जास्त गंभीर आहे. जुन्या रेडिएटरमधला हा कूलर आतून कुजला तर कूलंट ऑइलमध्ये शिरतं. डिपस्टिकवर लाल ऑइलऐवजी दुधाळ फिकट गुलाबी काही दिसलं तर गाडी तिथेच थांबवा, घरापर्यंतही चालवू नका. क्लचचं अस्तर प्लेटला ज्या डिंकाने चिकटवलेलं असतं तो पाणी आणि कूलंटमधल्या ग्लायकॉलने सुटतो. मग ऑइल कितीही वेळा बदला, अस्तर परत बसत नाही.

घाट आणि बाहेरगाव वारंवार असेल तर वेगळा बाहेरचा कूलर बसवणं हा माझ्या मते जुन्या ऑटोमॅटिकवर केलेला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे. प्लेट टाइप घ्या, एसीच्या कंडेन्सरपुढे बसवा, आणि जोडणी अशी की ऑइल आधी रेडिएटरमधल्या कूलरमधून जाईल, मग बाहेरच्या कूलरमधून आणि तिथून गिअरबॉक्समध्ये परत. पाइप एटीएफसाठी बनवलेला, प्रेशर आणि तापमान सोसणारा हवा. साधा पेट्रोल पाइप लावलेले कूलर मी बघितले आहेत, दोन वर्षांत फुगतात. क्लिप दुहेरी लावा आणि पाइप कुठे घासत नाही हे बघा. तापमान मोजायचं असेल तर घाट चढून आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर चेंबरच्या तळाशी आणि कूलरकडे जाणाऱ्या नळीवर धरा. कूलर लावण्याआधी आणि नंतर त्याच रस्त्याने, तशाच उन्हात मोजलंत तर फरक स्वतः बघाल.

आता लेव्हल. ही गोष्ट इतकी साधी आहे की तिच्याकडे लक्षच जात नाही. ऑइल तापलं की फुगतं. ७ लिटर ऑइल ५० अंशांनी तापलं तर साधारण पाव लिटर वाढतं. म्हणून गार गाडीत भरून ‘बरोबर’ केलेली लेव्हल गरम झाल्यावर जास्त होते. जास्त झालेलं ऑइल आत फिरणाऱ्या भागांना लागून ताकासारखं घुसळलं जातं, फेस होतो, फेसात हवा असते आणि हवेला प्रेशर धरता येत नाही. कमी असेल तर पंप थेट हवाच ओढतो. दोन्हीत लक्षण एकच : गरम झाल्यावर गिअर उशिरा. त्यामुळे तुमच्या बाबतीत खर्चाची कुठलीही गोष्ट करण्याआधी लेव्हल बघा.

कोरोलात पद्धत अशी : गाडी २०-२५ किलोमीटर चालवून आणा, सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालूच ठेवा. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर ‘पी’पासून ‘एल’पर्यंत प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत न्या आणि तसाच परत ‘पी’ला आणा. मग डिपस्टिक काढा, दोरे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पूर्ण घाला, परत काढा. ऑइल ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये हवं. ‘कूल’ची खूण ऑइल बदलताना अंदाज घेण्यापुरती असते. हीच पद्धत सगळीकडे चालेल असं समजू नका. होंडात इंजिन बंद करून दीड मिनिटाच्या आत बघायचं असतं. मर्सिडीजच्या जुन्या ७२२.६ गिअरबॉक्सला तर नळी आहे, पण डिपस्टिक गाडीसोबत येत नाही. वर्कशॉपची काठी घालून, ऑइलचं तापमान स्कॅनरवर बघून मोजावं लागतं. नुसता अंदाज घेऊन तिथे ऑइल ओतणारा माणूस असेल तर गाडी त्याच्याकडे देऊ नका.

डिपस्टिकवरचं ऑइल पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाकून बघा. लाल रंग हा फक्त रंग आहे, गुणवत्ता नाही. टी-फोर लवकर काळपट होतं, त्यामुळे तपकिरी दिसलं म्हणून घाबरू नका. डाग सगळीकडे सारखा पसरतो का, मध्ये काळा गाळ राहतो का, हे बघा. आणि वास घ्या. जळका, तिखट वास आणि बोटाला लागणारे काळे कण असतील तर क्लच झिजलेत, मग अपेक्षा तशा ठेवाव्या लागतील.

इथे एक भीती बोलून दाखवायला हवी, कारण तुमच्याही मनात ती असणार : ‘जुनं ऑइल बदललं की गिअरबॉक्स जातो.’ असे गिअरबॉक्स मी पाहिले आहेत. पण त्यातले बहुतेक ऑइल बदलण्याच्या आधीच गेलेले होते. गाडी घसरायला लागल्यावर शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदललं आणि दोष ऑइलवर आला. उरलेल्यांत मशीनने जोरात फ्लश केलेलं होतं. वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम सुटतो आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या छिद्रांत अडकतो. इतिहास माहीत नसलेल्या गाडीला मशीनचा फ्लश मी करत नाही. ड्रेन बोल्ट काढून जेवढं निघेल तेवढंच काढायचं आणि तेवढंच भरायचं. कोरोलात एका वेळी साधारण ३ लिटर निघतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि नळ्यांमध्ये राहतं. एकूण साडेसात लिटर धरलं तर पहिल्या वेळी ४० टक्के नवं, हजारेक किलोमीटरनंतर दुसऱ्यांदा केलं की ६४ टक्के, तिसऱ्यांदा ७८. इतकं पुरतं. हळूहळू होतं म्हणून जुन्या गिअरबॉक्सला ते सोसतं.

काढलेलं ऑइल मोजपात्रात धरायला सांगा. जितकं निघालं तितकंच भरायचं, म्हणजे निम्मं काम तिथेच बरोबर होतं. अर्थात ही गोष्ट आधीची लेव्हल बरोबर असेल तरच, म्हणून आधी लेव्हल. पहिल्या वेळी चेंबर खोलून स्ट्रेनर बदला. चेंबरमधल्या चुंबकांवर करड्या रंगाची बारीक पेस्ट असणं नेहमीचं आहे, पुसून टाका. चकचकीत कपचे किंवा पितळी तुकडे असतील तर त्यांचा फोटो काढून ठेवा आणि ऑइलवरचा खर्च तिथेच थांबवा. पॅकिंग नवं घाला आणि चेंबरचे बोल्ट हाताने सारखे आवळा. त्यांना ५ न्यूटन-मीटरच्या आसपासच ताकद लागते. मोठा पाना लावून आवळले की चेंबरची कड वाकते आणि नंतर कायमची गळती.

पुण्यातल्या वापराला माझा हिशेब ४० हजार किलोमीटरचा आहे. वापर कमी असेल तरी तीन-चार वर्षांत एकदा बदलाच. ‘लाइफटाइम फिल’ या शब्दावर विसंबू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफसारखी कंपनी स्वतःच्या ऑटोमॅटिकना ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं यांपैकी जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलायला सांगते, आणि ते काही फक्त घाट आणि ट्रॅफिक धरून सांगितलेलं नाही.

सिंथेटिक घ्यावं का? स्पेसिफिकेशन तेच असेल तर जरूर घ्या. उष्णतेत सिंथेटिक कमी लवकर खराब होतं आणि त्याची जाडी जास्त टिकते. ‘उन्हाळ्यासाठी चांगलं ऑइल’ असं काही असेल तर ते इतकंच. मल्टी-व्हेइकलबद्दल माझं मत मध्यम आहे. चांगल्या कंपनीचं, डब्याच्या मागे जेडब्ल्यूएस ३३०९ किंवा टी-फोर स्वच्छ लिहिलेलं असेल आणि दुसरं मिळतच नसेल तर चालवून घ्या. पण ज्या डब्यावर टी-फोर, डब्ल्यूएस, एसपी-३, डेक्सरॉन आणि वर सीव्हीटीही (गिअरऐवजी पट्टा-पुलीचा ऑटोमॅटिक) एकाच रांगेत लिहिलेलं आहे, तो परत ठेवा. तुमच्या गाडीत आधीच लॉक-अपची थरथर आहे, तिथे तडजोड नको.

खरेदी नाना पेठेत करा किंवा शोरूमच्या पार्ट्स काउंटरवर, पण बिल घ्या, सील आणि बॅच नंबर बघा, सुटं ऑइल घेऊ नका. टोयोटाच्या नावाने बनावट माल बाजारात असतो. भाव फारच कमी वाटला तर तेच कारण समजा.

हे वाचणाऱ्या इतरांच्या गाड्या वेगळ्या असतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. होंडाच्या जुन्या ५ गिअरच्या सिटीला झेड-१ लागायचं, त्याच्या जागी होंडाने डीडब्ल्यू-१ आणलं आणि ते जुन्यांना चालतं. ह्युंदाईच्या ४ गिअरच्या ऑटोमॅटिकना एसपी-३, पुढच्या ६ गिअरना एसपी-४. या दोन्हींची अदलाबदल नको. मारुतीच्या एसएक्स४ ला ३३०९ च्या वर्गातलंच लागतं. मॅन्युअलमध्ये डेक्सरॉन २ किंवा ३ लिहिलेल्या नव्वदच्या दशकातल्या गाड्यांची गंमत अशी की जनरल मोटर्सने डेक्सरॉन ३ चे परवाने २००६ च्या अखेरीस बंद केले. आज ‘डेक्सरॉन ३’ म्हणून जे विकलं जातं त्यामागे मूळ कंपनीची तपासणी नाही, विकणाऱ्याचा शब्द आहे. डेक्सरॉन ६ अधिकृतपणे त्याच्या जागी चालतं. नवं असताना ते थोडं पातळ असतं, पण वापरात त्याची जाडी टिकते. जुनं डेक्सरॉन ३ मात्र काही हजार किलोमीटरमध्ये स्वतःच पातळ व्हायचं. गिअरबॉक्स धडधाकट असेल तर मी ६ घालतो. गरम झाल्यावर प्रेशर गळत असेल तर नावाजलेल्या कंपनीचं डेक्सरॉन ३ वर्गातलं सिंथेटिक पसंत करतो.

आणि ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे प्रत्येक वेळी एटीएफ नव्हे. सीव्हीटीत स्टीलचा पट्टा स्टीलच्याच पुलीवर घसरू न देणारं वेगळं ऑइल लागतं. साधं एटीएफ घातलं तर पट्टा आणि पुली दोन्ही खरवडली जातात, आणि बहुतेक वेळा दुरुस्ती नाहीच. डीएसजीचं (फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचचा गिअरबॉक्स) ऑइल वेगळं. २०१४ नंतर आलेल्या स्वस्त एएमटी गाड्यांत तर आत मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, त्याला गिअर ऑइलच लागतं. आपल्या गाडीत काय आहे हे मॅन्युअल उघडून बघा; काउंटरवरच्या पोराच्या अंदाजावर सोडू नका.

चालवण्याबद्दल थोडं. खंबाटकी किंवा दिवे घाट चढताना ओव्हरड्राइव्हचं (सर्वांत वरच्या, चौथ्या गिअरचं) बटण बंद करा. ३ आणि ४ मध्ये गिअरबॉक्स सारखा वरखाली करत राहतो आणि प्रत्येक बदलात क्लच घासतो, ते थांबतं. रांग अगदीच रेंगाळत असेल तर लिव्हर ‘२’ला घ्या. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक वापरा. ट्रक पुढे असेल तर अंतर सोडा आणि टप्प्याटप्प्याने पुढे जा. मिनिटभराच्या सिग्नलला ‘एन’ला टाकणं ठीक, पण दर १० सेकंदांनी ‘डी’-‘एन’ करू नका, ते क्लचला जास्त महागात पडतं. वर पोचल्यावर गिअरबॉक्स तापल्यासारखा वाटला तर सुरक्षित जागी थांबा, ‘पी’ला टाका, एसी बंद करा आणि इंजिन १,२०० आरपीएमच्या आसपास दोन-चार मिनिटं चालू ठेवा. इंजिन लगेच बंद केलं तर पंप थांबतो आणि ऑइल आहे तिथेच तापत राहतं.

तुमच्यासाठी क्रम असा लावतो. या रविवारी गरम गाडीत लेव्हल आणि टिश्यूवरचा थेंब. मग रेडिएटर आणि कूलंट. त्यानंतर चेंबर खोलून स्ट्रेनर, ३ लिटर टी-फोर. हजार किलोमीटरनंतर परत ३. दुसऱ्या बदलानंतर ब्रेक पेडलची तीच चाचणी करून बघा. थरथर बरीच कमी झालेली असायला हवी. थरथर गेली आणि ‘डी’चा उशीर तसाच राहिला, तर तिसऱ्यांदा ऑइलवर पैसे घालवू नका आणि डब्यातलं ‘सील कंडिशनर’ही ओतू नका, ते रबर फुगवतं आणि चांगली सीलंही मऊ करतं. गिअरबॉक्सला प्रेशर गेज लावून गरम अवस्थेत लाइन प्रेशर (पंपाकडून येणारं मुख्य प्रेशर) मोजून घ्या, आणि तो आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडा. प्रेशर कमी आलं तर पंप किंवा प्रेशर रेग्युलेटर व्हॉल्व्हकडे बघायचं. प्रेशर बरोबर असूनही उशीर होत असेल तर पुढे जायच्या क्लचच्या पिस्टनची सीलं, आणि ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागेल. स्टॉल टेस्ट (ब्रेक पूर्ण दाबून ‘डी’त ॲक्सिलरेटर पूर्ण देणं) करून बघा असं कोणी सांगितलं तर ती स्वतः करू नका. पाच सेकंदांच्या पुढे धरली तर जे ऑइल तुम्ही नुकतंच भरलंय तेच जळेल.